बर्फ पाडणारे परबमामा

एका माळकरी माणसाच्या हातात मी दारूची बाटली दिली.

प्रत्यक्षात नव्हे, गोष्टीत. पण ती गोष्ट टीव्हीवर गेली, आणि ती ज्यांनी बघायला नको होती अशी मुंबईत दोनच माणसं होती. त्या दोघांना मी आग्रह करून माझ्या खोलीत बोलावलं, पंख्याखाली बसवलं आणि बटाटेवड्यांची बशी हातात दिली. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. एका साहेबाच्या निरोप समारंभात त्याच्या आधीच्या साहेबाचं कौतुक करून बसलो. सासऱ्यांना त्यांच्याच गावचा रस्ता समजावून सांगितला. हे सगळं मी मजेत सांगतो आणि लोकही मजेत ऐकतात. हा एक किस्सा सांगताना मात्र दमायला होतं. पण परबमामांबद्दल लिहायचं तर तो वगळून लिहिता येत नाही.

परबमामा डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, नळाला लागून असलेल्या खोलीत राहायचे. माणूस मालवणकडचा. गिरणीत ब्लो रूमला होते. कापसाच्या गाठी फोडून, पिंजून, साफ करतात ते हे खातं. तिथली हवाच पांढरी. उभा जन्म त्या हवेत काढल्यामुळे मामांच्या भुवया तरुणपणापासून पिकलेल्या दिसायच्या, आणि आंघोळ करून आले की माणूस दहा वर्षांनी लहान वाटायचा. खोकला होता. तो इतका जुना होता की जिन्यावर कोण आलं हे आम्ही पावलांवरून नाही, खोकल्यावरून ओळखायचो.

बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांची एक सवय होती. समोरच्याच्या खांद्यावरचा कापूस दोन बोटांनी उचलायचे, हलकेच फुंकर मारायचे, आणि मग म्हणायचे, "हां, बोल." गिरणी बंद झाली तरी ही सवय गेली नाही. खांद्यावर काही नसायचं, तरी उचलायचे. एकदा मी चावटपणा म्हणून उलट त्यांच्या खांद्यावरचा कापूस उचलण्याचा आव आणला, तर माझ्या बोटांत खरंच कापूस आला. मग मी पुन्हा तो विनोद केला नाही.

मला ते 'रायटर' म्हणायचे. मी सरकारी कचेरीत कारकून. दिवाळी अंकात वर्षाला एखादी गोष्ट छापून यायची, तीही संपादक माझ्या मेहुण्याचे मित्र म्हणून. पण चाळीत तेवढ्याने रायटर होता येतं. त्यांची बायको शेवंतीमामी मात्र या रायटरसमोर जपून बोलायची. चाळीतले जुने लोकही. मला सांगितलेलं छापून येतं, अशी माझी ख्याती होती. म्हणून मला कोणी काही सांगत नसे. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचाच घोळ झाला.

मामांची टीव्ही बघण्याची तऱ्हा वेगळी होती. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की अर्धा मजला आमच्या खोलीत जमायचा, कारण मामांचा टीव्ही गिरणीच्या संपात विकला गेला होता आणि इतरांचे बरेच गेले होते. पडद्यावर देव प्रसन्न व्हायचे, आकाशातून फुलं पडायची, बायका हात जोडायच्या. मामा मात्र पडद्याच्या वरच्या कडेकडे मान वर करून बघायचे, जणू तिथून कोणीतरी डोकावणार आहे.

"वर कोण आसा?" ते विचारायचे.

"देव आहेत, मामा."

"देव खाली आसत. वर कोण आसा ता विचारतंय. दोघे आसतले. एकट्याचा काम न्हय ह्या."

पाऊस असो, फुलं असोत, लग्नातल्या अक्षता असोत, त्यांचा प्रश्न एकच. एकदा बातम्यांत काश्मीरचा बर्फ दाखवला. मामांनी तो चष्मा पुसून बघितला आणि नापसंतीने मान हलवली. म्हणाले, ह्यो खोटो. एका बाजूनंच पडता, पाडणाऱ्यांचा हात बसलेला नाही. आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी जन्मात खरा बर्फ पाहिला नव्हता, पण बर्फ कसा पडावा याबद्दल त्यांची मतं पक्की होती.

कारण त्यांनी तो पाडला होता.

सिनेमाचा तो जुना काळ, ज्याला आता सगळे सुवर्णकाळ म्हणतात, तेव्हा दादर-परळला स्टुडिओ होते, आणि नायक-नायिका काश्मीरला न जाता तिथेच बर्फात भिजायचे. बर्फ कापसाचा. आधी स्टुडिओवाले बाजारातला कापूस टाकायचे, तो दगडासारखा पडायचा. मग कोणीतरी म्हणालं, गिरणीतला माणूस आणा. मामा तेव्हा विशीत. दुसऱ्या पाळीला गिरणीत, सकाळी स्टुडिओत. त्यांनी बाजारचा कापूस हुंगून परत पाठवला आणि यंत्राखाली जमते ती आखूड तंतूंची उडती रुई मागवली. ती बोटांनी सोडवून, पिंजून, पुन्हा पिंजून, इतकी हलकी करायची की तळहातावर ठेवली तरी आहे हे कळू नये. मग एक लांब झोळी, तळाला भोकं पाडलेली. स्टुडिओच्या छताखाली दोन फळ्या टांगलेल्या. एका फळीवर एक माणूस, दुसऱ्या फळीवर दुसरा, मध्ये झोळी. पाळणा हलवावा तशी ती दोघांनी हलवायची, आणि हलवताना एकमेकांकडे बघायचं. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की हात चुकतो. नायिका कितीही सुंदर असली तरी, मामा सांगायचे, ती आम्ही कधी बघितली नाही. आम्ही एकमेकांची थोबाडं बघत होतो.

त्यांच्या समोरच्या फळीवरच्या माणसाचं नाव भिवा. त्याच्याबद्दल मला कळलं ते माझ्याच एका पराक्रमामुळे.

संपाचं दुसरं वर्ष होतं. गिरण्यांचे भोंगे थांबून दीड वर्ष झालेलं. सुरुवातीला लोक म्हणायचे, काय शांत वाटतं. मग ती शांतताच अंगावर यायला लागली. हवेतला कापूसही गेला. मामांचा खोकला कमी झाला, तर ते म्हणायचे की आता झोप येत नाही, जागा आहे की मेलोय तेच कळत नाही. दिवसा ते लोकांच्या उशा उसवून, कापूस पिंजून, पुन्हा शिवून द्यायचे. सबंध चाळ त्यांच्या हातच्या उशांवर झोपायची. त्या वर्षी मी गणपती मंडळाचा सेक्रेटरी होतो. वर्गणी मागायला जावं तर लोक दार उघडून आधी आपलीच गाऱ्हाणी सांगत. मी जाहीर केलं की यंदा सजावट नाही. मामा म्हणाले, नाही कशी? हिमालय करू. बर्फ मी पाडतो.

प्रत्येक घराने एकेका उशीतला मूठभर कापूस दिला. मामांनी तीन दिवस तो पिंजला. आरतीच्या वेळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून अंगणातल्या मूर्तीवर बर्फ पाडायचा, असं ठरलं. एका टोकाला मामा. दुसऱ्या टोकाला कोण, यावर मी सेक्रेटरीच्या अधिकारात स्वतःची नेमणूक केली.

मामांनी बजावलं होतं, माझ्याकडे बघ, खाली बघू नको. आरती सुरू झाली. दोन मिनिटं असा बर्फ पडला की अंगणातली पोरं टाळ्या वाजवायची विसरली. दीड वर्षं तोंडं पाडून बसलेली माणसं वर तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, हे कसं दिसतंय ते बघावं, आणि मी खाली बघितलं. झोळीला हिसका बसला. शेरभर कापूस एकदम सुटला तो मंडळाच्या अध्यक्षांच्या हातातल्या आरतीच्या ताटात. अध्यक्षांची डावी भुवई गेली. बाकी कोणाला काही झालं नाही. तीर्थाच्या भांड्यातलं पाणी वेळेवर त्यांच्या तोंडावर मारण्यात आलं. पण पुढे दोन महिने अध्यक्ष समोर आले की आपण त्यांना काहीतरी विचारलंय असं वाटायचं.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. झोळी गुंडाळत जिन्यावर बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, भिवा कधी खाली बघत नव्हता.

मग सांगितलं. भिवा त्यांच्याच गिरणीतला, त्यांच्याच तालुक्यातला. गळ्यात तुळशीची माळ. कोकणातला असून मासळीला शिवत नसे, त्यामुळे जेवताना सगळे त्याची टिंगल करायचे. एका मोठ्या चित्रपटाचं शूटिंग होतं. बर्फात नायिका एकटी उभी आहे आणि नायक येत नाही, असा प्रसंग. कॅमेरा चालू असताना भिवा वरून पडला. पडताना झोळी धरून होता, त्यामुळे सगळा कापूस त्याच्या आधी खाली आला. नायिकेने दचकून वर बघितलं. दिग्दर्शकाने तेवढा तुकडा ठेवला. बर्फाची ती एकाएकी आलेली लाट आणि नायिकेचं ते वर बघणं, याची पुढे लोकांनी फार तारीफ केली. लाट संपते तिथे कात्री लागली आहे. त्यानंतरच्या क्षणी भिवा खाली आला. मांडीचं हाड मोडलं. लंगडा होऊन गावी गेला तो परत आला नाही.

"पण पडला कसा?" मी विचारलं.

"तो पडलो," मामा म्हणाले. "माणूस पडता."

आणि उठून गेले.

एवढीच हकीकत. पण मी रायटर. मला 'माणूस पडता' पुरेना.

मध्ये पंधरा-एक वर्षं गेली. संप मिटला असं कोणी कधी सांगितलं नाही, तो विरून गेला. मामांची गिरणी उघडलीच नाही. समोरच्या चिमणीवर पिंपळ उगवला. चाळीत केबल आली. आणि एक दिवस दिवाळी अंकाच्या त्या संपादकांनी माझ्याकडे एका मुलीला पाठवलं. सिनेमाच्या सुवर्णकाळावर एक मोठी मालिका निघत होती. नावं सगळी बदललेली, स्टुडिओ काल्पनिक, पण घडलेल्या गोष्टींवर बेतलेली. ही मुलगी लेखकासाठी जुने किस्से गोळा करत होती. दादरला एका उडप्याकडे आम्ही बसलो. तिने टेबलावर छोटा टेपरेकॉर्डर ठेवला. ते तांबडं बटण पेटलेलं बघितलं आणि माझ्या जिभेला चाकं लागली.

मी बर्फाची गोष्ट सांगितली. झोळी, फळ्या, एकमेकांकडे बघणं. ती भराभर टिपून घेत होती. भिवा पडला तिथे आलो आणि तिने विचारलं, "का पडला?"

आता मी म्हणायला हवं होतं की माहीत नाही. पण समोर एवढी शिकलेली मुलगी, डोळे मोठे करून बसलेली. मी क्षणभर थांबलो, सुस्कारा टाकला आणि म्हणालो, "प्यायला होता."

तिने तो शब्द अधोरेखित केला. मला भरून आलं. गोष्ट कशी बसली, असं वाटलं. घरी येताना तर मी स्वतःवर इतका खूश होतो की सुनंदासाठी, म्हणजे बायकोसाठी, गजरा घेतला. तिने गजऱ्याकडे बघितलं आणि आज काय चूक करून आलात, असं विचारलं. तिला तेव्हा उत्तर मिळालं नाही.

मामांना मी सांगितलं की तुमचा बर्फ टीव्हीवर येणार. त्यांनी माझ्या खांद्यावरचा कापूस उचलला. फुंकर मारायला विसरले.

"भिवाचा सांगितलंस?"

"सांगितलं."

"पडलो कसो, ता?"

"ते तुम्ही सांगितलंत तसंच ठेवलंय," मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं, हा माझा कचेरीतला अनुभव.

तो भाग मंगळवारी संध्याकाळी होता, दिवाळीच्या तोंडावर. मालिकेच्या शेवटी नावांच्या यादीत माझं नाव येणार असल्याचं मी सबंध चाळीला सांगून ठेवलं होतं. दहा-बारा माणसं जमली. मामा स्वच्छ सदरा घालून आले. पाठोपाठ मामी. मामी सहसा टीव्हीला यायची नाही, पण मी तिला मुद्दाम आणलं. नवऱ्याचं काम बघायला नको का, म्हटलं.

मालिका बरी होती. नट-नट्या आताचे, पण केसांची वळणं जुनी. मामांना स्टुडिओ ओळखू येईना. असा गुळगुळीत स्टुडिओ कुठे होता, म्हणाले, आमच्या वेळी घुशी होत्या. मग तो प्रसंग आला. पांढरी शाल घेतलेली नायिका बर्फात उभी राहिली. बर्फ कसला, थर्माकोलचे दाणे. मामांनी 'जड' एवढंच म्हटलं, पण चेहरा खुलला होता. त्यांची मान सवयीने वर गेली, पडद्याच्या वरच्या कडेकडे.

आणि जन्मात पहिल्यांदा कॅमेरा वर गेला.

वर कोण आहे ते दाखवलं. फळीवर एक माणूस बसला होता. गळ्यात माळ होती, कारण तेही मीच सांगितलं होतं. हातात बाटली. तो झोकांड्या खात उभा राहिला, नायिकेला उद्देशून काहीतरी बरळला, बाटलीतला घोट घेतला आणि हसत हसत पडला. मागे विनोदी प्रसंगाला वाजवतात तसं संगीत वाजलं. दारात उभं राहून बघणारा एकजण हसला.

मामी वड्याचा तुकडा हातात धरून तशीच होती. म्हणाली, "ह्यो आमचो भिवा."

मला कळेना. आमचा म्हणजे? सुनंदाने माझा दंड इतक्या जोरात धरला की तिला काहीतरी कळलंय एवढं मला कळलं.

हेही मला सांगायला हवं होतं, म्हणजे आधीच लक्षात यायला हवं होतं. दर भाऊबीजेला मामी गॅलरीत उभी राहून चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, माका भाव नाय. बाकीचं मला नंतर कळलं. भिवा तिचा सख्खा थोरला भाऊ. तो पडला तेव्हा मामांचं आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. स्टुडिओच्या मॅनेजरने लिहून टाकलं की माणूस दारू पिऊन वर चढला, म्हणजे स्टुडिओवर काही येत नाही. भिवाने ते नाकारलं नाही. गावच्या भजनी मंडळाने त्याच्या गळ्यातली माळ काढून घेतली. बहिणीने त्याला ओवाळायचं सोडलं. चाळीस वर्षं.

म्हणजे बघा. उडप्याकडे बसून मी डोकं लढवून जी बाटली काढली, तीच बाटली चाळीस वर्षांपूर्वी एका मॅनेजरने काढली होती. आणि ती मला माझी प्रतिभा वाटली.

तेवढ्यात भाग संपला. नावांची यादी वर सरकायला लागली आणि त्यात 'किस्से साहाय्य' म्हणून माझं नाव आलं. दारात उभे असलेले कदम टाळ्या वाजवायला लागले, मग आपण एकटेच वाजवतोय हे बघून त्यांनी हात पाठीमागे घेतले. लोक एकेक करून निघून गेले. मी टीव्ही बंद केला. खोलीत आम्ही चौघंच.

मामी नवऱ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "ह्या तुमी सांगितल्यात ह्येका? म्हणजे तो खराच प्यालेलो?"

इथे मी बोलायला हवं होतं. बाटली माझी, मी म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण चाळीस वर्षं विचारून ज्याचं उत्तर तिला मिळालं नव्हतं, तो प्रश्न मला नव्हताच.

मामा बशीकडे बघत होते. खोकले. मग त्यांनी मान वर केली, आणि फळीवर उभं राहून समोरच्याकडे बघावं तसं मामीकडे बघितलं.

"नाय. तो कधी प्यालो नाय. माका येऊक उशीर झालो."

झोळी हलवायला दोघे लागतात. एकच वर होता. खालून ओरडा चालू झाला, बर्फ, बर्फ. भिवाने एक टोक खांबाला बांधलं आणि दोन्ही बाजूंचा हात एकट्याने साधायला मधल्या वाशावर गेला. वासा गुळगुळीत होता. बस, एवढंच.

"खय होत्यात तुमी?"

"तुझ्यावांगडा," मामा म्हणाले.

तिच्याबरोबर. त्या दिवशी ती लालबागला कासाराकडे लग्नाच्या बांगड्या भरायला गेली होती, आणि हे समोरच्या फुटपाथवर उभे होते. जवळ जायची सोय नव्हती. ती एकेक बांगडी भरून घ्यायची, हात जरासा वर करून दाखवायची, आणि हे मान हलवायचे. त्यात स्टुडिओची वेळ टळली.

मामी आपल्या मनगटांकडे बघत राहिली. "दोनदा बदलून घेतलंय मी," ती म्हणाली.

तिने हातातला वड्याचा तुकडा बशीत ठेवला.

"भिवाक ठाऊक होता?"

"त्येनाच माका धाडल्यान. तोच जा म्हणालो. बहीण एकटीच गेलीहा. मी बघतंय हयचा."

म्हणून दोघेही गप्प बसले. भिवा बोलला असता तर मेहुणा गुन्हेगार ठरला असता आणि लग्न मोडलं असतं. मामा बोलले असते तर, आपल्या बांगड्यांपायी भावाचा पाय गेला, हे तिला जन्मभर पुरलं असतं. मी हे समजुतीने लिहितोय, पण मामांनी तेवढं पांघरूण घेतलं नाही. जाताना दारात म्हणाले की पहिल्या वर्षी तिच्यासाठी गप्प होतो, नंतर नुसताच भ्यालो. किती वर्षांनी सांगायचं, तेही कळेनासं झालं.

मामीने वड्याची बशी धुऊन सुनंदाच्या हातात दिली. मला वाटलं, आता ही मला बोलेल. बोलली नाही. दोन दिवस त्यांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला नाही, मामांचा खोकलाही दाबलेला यायचा. तिसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे आले. खांद्यावरचा कापूस उचलला, फुंकर मारली आणि भाऊबीजेच्या आधी पोचेल अशा एसटीचं बघ म्हणाले. दोघांचं.

ते मग गावीच राहिले. खोली पुतण्याने घेतली. महिन्याभराने मामांचं एक पोस्टकार्ड आलं, तीन ओळींचं. पोचलो. ओवाळणी झाली. भिवाने तुझी मालिका सरपंचाकडे बघितली होती, बर्फ जड होता म्हणाला. बाटलीबद्दल एक अक्षर नव्हतं. भिवाने काही म्हटलं नाही, की म्हटलेलं मामांनी मला लिहिलं नाही, ते आजतागायत माहीत नाही. चार वर्षांनी मामा गेल्याचं कळलं. त्यांनी भरलेली उशी माझ्याकडे अजून आहे. माझ्या बाजूला तिच्यात एक गाठ आहे. सुनंदा म्हणते, ती मुद्दाम ठेवलेली असणार.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते परळच्या एसटी स्टँडवर. मी त्यांची पिशवी घेऊन गेलो होतो. पिशवीत ओवाळायचं तबक, नारळ, आणि मामांनी रात्रंदिवस बसून शिवलेली एक नवी उशी. मामा खिडकीत बसले. बसल्या बसल्या मान वर करून गाडीच्या टपाकडे बघत होते. टपावर हमाल दोघं मिळून सामान बांधत होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मामांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी थोडंसं हसू दिसलं. गाडी सुरू झाली तेव्हा मला राहवेना. तीन दिवस पाठ केलेली माफी मी खिडकीशी धावत धावत म्हणायला लागलो. मामी, भिवामामांना सांगा, बाटली त्यांची नव्हती, ती मी घातली, माझं नाव घेऊन सांगा, चूक माझी आहे म्हणावं.

मामीने खिडकीतून वाकून माझ्याकडे बघितलं.

"टीव्हीवर इला ना तुझा नाव?" ती म्हणाली. "तेवढा पुरे. आता ह्याच्यात नको घालू."